कूलरला चिकटून आलेला प्रोसेसर

दिवाळी आठ दिवसांवर आली होती, साल २०२४. रामबागेतलं दुकान उघडतोय तोच कॉलेजातला एक मुलगा कॅबिनेट उराशी धरून पायरीवर उभा, सोबत धाकटी बहीण. "काका, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, सगळंच बदलायचंय. कालच सिल्व्हर मॉलमध्ये भाव काढून आलोय." शिकवण्या घेऊन दोन वर्षांत जमवलेले ₹२५,००० त्याच्याकडे होते. काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम खेळताना धुराचा गोळा फुटला की चित्र अडखळतं, ही तक्रार.

मी आधी कॅबिनेट उघडून पाहिलं. बी४५० बोर्ड, त्यावर २०१८ चा रायझन ५ २६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि कुणाकडून तरी जुनं घेतलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. गेम लावून रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणलं. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम जवळजवळ तितक्याच राहिल्या. कार्डावरचं ओझं उतरवूनही वेग वाढत नाही, याचा अर्थ कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. मुलाचं निदान बरोबर होतं. उपाय मात्र मला पटेना.

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. एएमडीचं २०२२ मध्ये आलेलं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ ही नवी रॅम घेतं, म्हणजे तिन्ही वस्तू नव्या. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. इंटेलच्या एलजीए १७०० वर डीडीआर४ चे बोर्ड मिळतात, तिथे रॅम वाचली असती. पण ते सॉकेट प्रोसेसरच्या १४व्या पिढीवर थांबलं होतं आणि त्याच महिन्यात त्याच्या जागी एलजीए १८५१ बाजारात आलं होतं. बंद होत आलेल्या सॉकेटसाठी नवा बोर्ड घ्या, असं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पण ज्याच्या घरी असा बोर्ड आधीच आहे, त्यानं त्यावर बसणारा शेवटचा चांगला प्रोसेसर शोधावा. त्याच्याकडे एएम४ होतं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून चालत आलेल्या या सॉकेटसाठी २०२४ च्या जानेवारीत रायझन ७ ५७००एक्स३डी आला होता.

"थ्रीडी म्हणजे काय, काका?" बहिणीनं विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असला की दर वेळी कोठीच्या खोलीत जावं लागत नाही. प्रोसेसरची कॅश म्हणजे तो डबा आणि रॅम म्हणजे कोठी. २६०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी, यात ९६. त्यातली ६४ एमबी चिपवर दुसरा थर चढवून बसवलेली. गेमला याचा जितका फायदा होतो तितका बाकीच्या कामांना होत नाही, हेही सांगितलं.

ठरलं. जुना २६०० बहिणीच्या ए३२० बोर्डावर जाणार होता. ती आर्किटेक्चरला, आणि दोन कोरच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरवर तिचे नकाशे हलायला तयार नसत. २६०० ला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते भावाचं आधीचं तिच्याकडे होतंच.

जुना प्रोसेसर असतानाच बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घेतलं, यूपीएसवर. नाहीतर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. नवा माल यायला तीन वाजले. तोवर दुकानात दिवाळीची गर्दी आणि मशीन थंडगार. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली सहा वर्षांची पेस्ट सिमेंटसारखी धरते. मशीन दहा मिनिटं तापवायचं, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, हे मीच पोरांना शिकवतो. त्या दिवशी स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला.

कच्चकन आवाज झाला. सॉकेटचा लिव्हर खाली, आणि प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. एका कोपऱ्यातल्या सात वाकल्या होत्या.

बहिणीनं ते पाहिलं. मी लगेच सांगितलं, "चूक माझी. हा चालला नाही तर तुला दुसरा मी देईन." ती काहीच बोलली नाही.

शटर अर्धं ओढलं. टेबललॅम्प, भिंग आणि शिस काढलेली ०.५ ची क्लच पेन्सिल. तिची पोकळ नळी पिनेवर बरोब्बर बसते. पीन एकदा वाकते, एकदा सरळ होते. त्यापुढे तुटायची भीती. म्हणून केसभर हलवायची, भिंगातून बघायचं, ओळीतून जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहायचं. चाळीस मिनिटं लागली. पाठ भरून आली होती, पण बोटं थरथरू नयेत म्हणून मी पाणीसुद्धा प्यायलो नाही.

आधी तिचा बोर्ड घेतला. त्रिकोणाला त्रिकोण जुळवला, प्रोसेसर ठेवला. एक कोपरा अधांतरी राहिला. दाबायचं नाही. परत काढला, एक पीन किंचित कलली होती. दुसऱ्यांदा ठेवल्यावर तो आपल्या वजनानं आत गेला. लिव्हर लावला, पेस्ट, कूलर, बटण. पंखा फिरला, पडदा काळा. मग डिस्प्ले आला. सहा कोर, बारा थ्रेड, म्हणजे प्रोसेसर पूर्ण ओळखला गेला. पीन नीट लागली नाही तर बहुधा रॅमचा एखादा चॅनेल जातो, म्हणून दोन्ही स्लॉट तपासले. दोन्ही जागेवर.

"आता नकाशा उघडू?" तिनं विचारलं.

भावाचा नवा प्रोसेसर बसवायला पंधरा मिनिटं लागली. त्याच्या डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा घेतला होता. तरी पैसे उरले. गेम लावून त्यानं पहिला धूर टाकला. चित्र अडखळलं नाही. त्यानं दुसरा टाकला, मग तिसरा, आणि बहीण म्हणाली, "दादा, बस कर, काकांना दुकान बंद करायचंय."