टस्कीगीचा शेरीफ आणि आबांची ट्रंक

रविवार, रात्री साडेदहा

आठवडाभर अमेरिकेतल्या टस्कीगीच्या शेरीफबद्दल, लुशियस अमर्सनबद्दल, वाचते आहे. आज राहवलं नाही, आबांची ट्रंक काढली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाल्याचे कागद आणि पोलीस पाटील म्हणून नेमणुकीचा आदेश, दोन्ही एकाच फडक्यात बांधलेले.

टस्कीगी हे नाव आपल्याकडे कार्व्हरमुळे घरोघरी पोचलं. माझ्याही मनात अलाबामातलं ते गाव म्हणजे भुईमूग आणि प्रयोगशाळा, एवढंच होतं. तिथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी, शिकलेली, तरी मताचा अधिकार नावापुरता. १९५७ साली शहराची हद्द अशी आखली की चौकोनी गाव २८ बाजूंचं झालं आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो डाव मोडला. पुढे १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, तेव्हा कुठे टस्कीगी ज्या जिल्ह्यात येतं त्या मेकन काउंटीत खरी मतदार यादी तयार होऊ लागली.

आपल्याला शेरीफ म्हटलं की मुंबईचं मानाचं पद आठवतं. तिथला शेरीफ वेगळा. अटक त्याने करायची, तुरुंग त्याने सांभाळायचा, कोर्टाचे समन्स त्याने बजावायचे. आणि त्याला लोक मत देऊन निवडतात. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात असलेला, नंतर टपाल खात्यात कारकुनी करणारा अमर्सन १९६६ साली या पदासाठी उभा राहिला. पक्षांतर्गत फेरीत त्याने खुर्चीवर असलेल्या गोऱ्या शेरीफला हरवलं, नोव्हेंबरात निवडून आला. यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ सरल्यापासून दक्षिणेत कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आला नव्हता.

त्याच वर्षाच्या जानेवारीत टस्कीगीच्या एका पेट्रोल पंपावर सॅमी यंग मारला गेला होता. वय २१, नौदलात राहून आलेला, मतदार नोंदणीसाठी झटणारा मुलगा. गोऱ्यांसाठी राखलेलं स्वच्छतागृह वापरण्यावरून वाद झाला आणि पंपावरच्या माणसाने गोळी घातली. डिसेंबरात, सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. अमर्सन निवडून आला होता, पण शपथ अजून व्हायची होती. जानेवारी १९६७ मध्ये त्याने बिल्ला लावला, तो हा निकाल लागून महिनाच उलटलेला असताना. त्या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पुढे काही लिहवलं नाही. अमर्सनचं वय तेव्हा अवघं ३३. त्यानंतर २० वर्षं त्याने ते काम केलं.

आबांशी त्याची बरोबरी मी करत नाही. आबांना कुणी पाण्याला शिवू नको म्हटलं नव्हतं, मत द्यायला अडवलं नव्हतं. पण सैन्यातून परत येऊन आपल्याच गावात कायदा सांभाळणं म्हणजे काय, ते मी आमच्या ओसरीवर पाहिलंय. आबा म्हणायचे, "सीमेवर समोरच्याचं नाव माहीत नसतं. इथं बांधावरून भांडणारे दोघंही माझ्या पंगतीला बसलेले."

एका पावसाळ्यात मळ्यातल्या विहिरीत गावातली एक लेकुरवाळी सापडली. आबांनी ठाण्यात वर्दी पाठवली. ओढ्याला पूर होता, पोलीस सकाळीच येणार होते. तिच्या सासरचे लवकर उरकून टाका म्हणून मागे लागले होते, त्यातला एक तर आबांचा चुलतभाऊ. आबांनी पंचनाम्याआधी कुणाला हात लावू दिला नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईने डब्यातून भाकरी देऊन धाडलं तेव्हा ते इरलं पांघरून विहिरीच्या काठावर बसले होते, शेजारी कंदील. तिच्यावर त्यांनी आपलं लष्करातलं घोंगडं घातलं होतं.

भाकरी त्यांनी तशीच परत पाठवली. ते घोंगडं पुन्हा घरात आलं नाही.