आई-मावशीला घेऊन आल्प्समधल्या गावांची एका दिवसाची गाइडेड ट्रिप : माझा अनुभव

झ्युरिकला बहिणीकडे चाललोय म्हटल्यावर भेटेल त्याने एकच विचारलं, युंगफ्राऊला, म्हणजे त्या बर्फाच्या शिखराजवळच्या रेल्वे स्टेशनला, जाणार ना? मी आधीच ठरवलं होतं की नाही जायचं. आईला बीपी, ते वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर, उन्हाळ्यात खालच्या इंटरलाकेन गावाहून माणशी दोनशे फ्रँकच्या वर तिकीट, आणि एवढं करून वर ढग असले तर पांढऱ्याशुभ्र काहीच-नाहीचे फोटो काढून खाली यायचं. आणि मुख्य म्हणजे आई आणि मावशी दोघींनाही बर्फाचं फारसं कौतुक नव्हतं. मावशी साताऱ्याकडची, घरी शेती, गोठ्यात गुरं, तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला गाव दाखव बाई एखादं, दुकानं नकोत."

आता स्वित्झर्लंडमध्ये ट्रेनने आपलं आपण फिरा असं सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे, चाळिशीच्या आतले असाल तर दुसरा विचारच करू नका. पण झ्युरिकहून आल्प्समधल्या लाऊटरब्रुनेन गावाला जायचं म्हणजे बहुतेक वेळा बर्नला आणि इंटरलाकेनला गाडी बदला, मधे मोजून काही मिनिटं, प्लॅटफॉर्म शोधा, जिने उतरा-चढा, आणि माझ्याबरोबर गुडघ्याला पट्टे बांधलेल्या दोन बायका ज्यांना प्रत्येक स्टेशनवर बाथरूमला जायचं असतं. बहिणीला ऑफिसातून सुट्टी नव्हती. म्हणून बसची गाइडेड ट्रिप.

बुकिंग हाच खरा डोकेदुखीचा भाग. सगळ्या साइटवर तोच एक फोटो, हिरवी दरी, चर्चचा मनोरा, मागे धबधबा, आणि खाली कुठे पाच गावं, कुठे सहा, कुठे "अविस्मरणीय". मी काय केलं तर प्रत्येक ट्रिपचा वेळापत्रकाचा भाग उघडून एका ठिकाणी किती वेळ थांबणार ते बघितलं. सहा ठिकाणं दाखवणाऱ्या ट्रिपमध्ये लाऊटरब्रुनेनला पस्तीस मिनिटं होती! पस्तीस मिनिटांत मावशी बसमधून उतरून चप्पल नीट करते. त्यामुळे तीनपेक्षा जास्त थांबे असलेलं सगळं बाद. मग बघायचं ते डोंगरावरच्या गाडीचं आणि केबलकारचं तिकीट किमतीत धरलंय का. स्वस्त दिसणाऱ्या ट्रिपमध्ये हे बहुतेक धरलेलं नसतं, तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की "पर्वतीय वाहतूक ऐच्छिक", म्हणजे बस तुम्हाला दरीत सोडणार आणि वर जायचं तर काढा पाकीट. स्विस ट्रॅव्हल पास (ट्रेन-बसचा पर्यटकांसाठीचा पास) असेल तर तो लाऊटरब्रुनेनच्या वरच्या वेंगन गावापर्यंत चालतो, त्याच्या वरच्या केबलकारला नुसती सवलत, तेव्हा पासवाल्यांनी ही तिकिटं न धरलेली ट्रिप घेतली तरी चालेल, आमच्याकडे पास नव्हता.

एका ट्रिपमध्ये ट्र्युमेलबाखचे धबधबे होते आणि मला फार मोह झाला, कारण ते डोंगराच्या पोटात आहेत, आयगर, म्योंख, युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तिथून खाली येतं, बर्फ वितळण्याच्या दिवसांत सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. पण आत लिफ्ट असली तरी पुढे ओल्या पायऱ्या आहेतच, आणि चार वर्षांखालच्या मुलांना तर आत घेतच नाहीत. गुडघेवाल्या मंडळींनी विचार करून जा.

पहिलं बुकिंग केलं ते आदल्या संध्याकाळी रद्द झालं, किमान संख्या भरली नाही असा मेल. पैसे परत आले पण आईने रात्रीच्या दशम्या करून ठेवल्या होत्या, त्या आम्ही दुसऱ्या दिवशी झ्युरिकच्या तळ्याकाठी बसून खाल्ल्या. तेव्हा बुक करताना "किमान इतके प्रवासी" हे वाक्य शोधा आणि मोठ्या ग्रुपची, नेहमी निघणारी ट्रिप घ्या, छोटा ग्रुप ऐकायला बरा वाटतो पण तोच रद्द होतो. आणि चोवीस तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येणारीच घ्या. आल्प्समध्ये उन्हाळ्यात सकाळ लख्ख आणि दुपारी तीन-चारला गडगडाट हे नेहमीचंच, वारा सुटला की केबलकार बंद. प्रत्येक डोंगरावर वेबकॅम असतात, ते मी दोन दिवस सारखी उघडून बघत होते, बहीण म्हणाली शेअर मार्केट बघितल्यासारखी काय बघतेस.

शेवटी जी मिळाली ती अशी, झ्युरिक, मग लाऊटरब्रुनेन, तिथून दातेरी रुळाच्या रेल्वेने वेंगन, वेंगनहून केबलकारने मॅनलिखेनच्या डोंगरावर, पलीकडून गोंडोलाने (दोरावरच्या छोट्या डब्यांतून) खाली ग्रिंडेलवाल्ड गावात. यात मजा अशी की ड्रायव्हर रिकामी बस घेऊन दरीतून वळसा मारतो आणि ग्रिंडेलवाल्डला येऊन थांबतो, त्यामुळे आल्या वाटेने परत यावं लागत नाही. स्वतः गेलो असतो तर हेच करायला तीन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं बघावी लागली असती.

बस मेन स्टेशनच्या मागे नदीकडच्या बाजूला सिलक्वाय म्हणून आहे तिथून सुटते. गाइड बर्नकडची पन्नाशीतली बाई, इंग्रजी स्पष्ट, माईकवर गरजेपुरतंच बोलणारी, मला फार आवडली. ल्युसर्नच्या पुढे रस्ता वर चढायला लागतो आणि ब्रुनिग खिंडीच्या अलीकडे लुंगर्नचं तळं लागतं, हिरवं-निळं, फोटोसाठी दहा मिनिटं थांबवली. तिथे गाइडने सांगितलं की १८३६ मध्ये गावकऱ्यांनी डोंगरातून बोगदा खणून या तळ्याचं पाणी खाली उतरवलं होतं, शेतजमीन मिळावी म्हणून. पुढे विजेसाठी परत पाणी अडवलं. मी हे मावशीला मराठीत सांगितलं तर ती तळ्याकडे बघायचं सोडून आजूबाजूच्या काठाकडेच बघत राहिली, "जमिनीसाठी माणूस काय पण करतो" एवढंच म्हणाली.

इंटरलाकेनला बस थांबली नाही. २०१६ पासून तिथे यश चोप्रांचा पुतळा आहे, आमच्या बसमधल्या दिल्लीच्या एका कुटुंबाला तो बघायचा होता, गाइडने हसून नाही सांगितलं.

लाऊटरब्रुनेनबद्दल खरं सांगते. दरी बघून तोंडात शब्द येत नाही, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, हिमनदीने कोरून काढलेले, आणि श्टाउबबाखचा धबधबा २९७ मीटरवरून सुटतो तो खाली येईपर्यंत निम्मा हवेतच विरलेला असतो. १७७९ मध्ये जर्मन कवी गोएथे इथे येऊन गेला आणि त्याने कविता केली. पण आता गावात एकच मुख्य रस्ता आणि त्यावर आमच्यासारख्यांची एवढी गर्दी की चर्चजवळ फोटोसाठी लोक अक्षरशः रांगेत. रस्त्याच्या मधे उभं राहून व्हिडिओ चाललेले, मागून ट्रॅक्टरवाला थांबलेला, त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगायला नको. धबधबे भरून बघायचे तर मे अखेर ते जुलै बरा, नंतर पाणी कमी होत जातं.

वेंगनला रस्ताच नाही. गाडी असेल तर ती खाली लाऊटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि वर रेल्वेने जायचं, गावातल्या लोकांनीसुद्धा. ही रेल्वे १८९३ पासून चालू आहे, रुळांच्या मधे दात्यांचा तिसरा रूळ, त्यात चाक अडकवत गाडी चढते. डब्यात पर्यटकांबरोबर एक बाई टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा आणि कुंडीतली रोपं घेऊन बसली होती, म्हणजे तिचा तो रोजचा बाजारहाट. आई म्हणाली ही आपली पॅसेंजरच की. गाव १२७४ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडं खालीच, पण समोर युंगफ्राऊचा बर्फ उभा, त्यामुळे डोक्यात हिशोब लागत नाही.

इथे आम्हाला दीड तास मोकळा होता. बाकीचे हॉटेलांच्या टेरेसवर गेले, आम्ही स्टेशनजवळच्या कोप नावाच्या सुपरमार्केटमधून दही आणि चेरी घेतल्या आणि गावाच्या मागच्या बाजूला पिवळ्या पाट्या बघत सपाट वाटेने निघालो. त्या पाट्यांवर अंतर नसतं, चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, आमच्या वेगाला तो दुप्पट करायचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, बाकावर बसून जेवलो. बाटल्या सार्वजनिक हौदाच्या नळावर भरल्या, पिण्याचं पाणी नसेल तर तशी पाटी असते, नाहीतर बिनधास्त प्या, खाली बाटलीबंद पाणी विकत घेणं म्हणजे वेडेपणा.

आणि समोरच्या उतारावर गवत कापणं चालू होतं. उतार इतका की मी हात न टेकता उभी राहू शकले नसते. एक म्हातारा दोन चाकांचं यंत्र ढकलत आडवा आडवा चालत होता, यंत्राच्या चाकांना लोखंडी काटे, घसरू नये म्हणून, आणि त्याच्या मागे एक बाई लांब लाकडी दाताळ्याने कापलेलं गवत पसरवत खाली ओढत येत होती. कोपरे-कापरे जिथे यंत्र जात नाही तिथे एक पोरगा विळ्यासारख्या लांब दांड्याच्या पात्याने कापत होता. मावशी दशमी हातात धरून उभीच राहिली. मग कुंपणापाशी गेली, वाळलेल्या गवताची एक मूठ उचलली, वास घेतला, चुरून बघितली, आणि त्या बाईला हाताने खूण केली की चांगलं आहे. ती बाई दाताळं टेकवून हसली, काहीतरी बोलली, मावशीने पण मराठीत उत्तर दिलं, "अजून एक ऊन लागंल बघ याला." दोघींनी माना डोलावल्या.

मावशीला सकाळपासून प्रश्न पडला होता की एवढं गवत आणि गायी कुठायत. गाइडला विचारलं तर ती म्हणाली साधारण जूनमध्ये गुरं वरच्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरात खाली आणतात, तेवढ्यात गावाजवळचं गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी भरून ठेवायचं. म्हणून तर उंच गवतात शिरून फोटो काढू नका म्हणतात, ती कुणाची तरी वर्षाची वैरण असते. आम्हाला हे दाखवायला कुणी नेलं नव्हतं, ट्रिपच्या माहितीत यातलं काहीच नव्हतं, पण तो दीड तास मोकळा ठेवलेला होता म्हणून झालं.

मॅनलिखेनची केबलकार पाच-सहा मिनिटांत वर नेते, कान बंद होतात, गोळ्या चघळा. वर २२३० मीटर. कळसूबाई १६४६ हे मावशीला सांगितल्यावर तिने माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल करून तेच पहिलं सांगितलं. आणि वर गायी! मोठमोठ्या घंटा, त्यांचा असा सतत आवाज की बोलताना मधे थांबावं लागतं. एका बाजूला खाली लाऊटरब्रुनेनची दरी, दुसरीकडे ग्रिंडेलवाल्डची, आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ओळीने. आयगरची उत्तरेची भिंत सावलीत काळी दिसते, ती पहिल्यांदा १९३८ मध्ये चढली गेली, त्याआधी कितीतरी जणांचा तिथेच जीव गेला. आईने हे ऐकून हात जोडले, मग लगेच विचारलं बाथरूम कुठाय. इथे स्वच्छ आणि फुकट होतं, खाली लाऊटरब्रुनेनला नाणी टाकून आणि रांगेत, तेव्हा एक-दोन फ्रँकची सुटी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. वर जुलैमध्येही स्वेटर लागला, छत्री नको, वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट घ्या.

ग्रिंडेलवाल्डला मला काही राम वाटला नाही. मुख्य रस्त्यावर घड्याळं, जॅकेटं, हॉटेलं, आणि गोंडोला उतरतो तिथे तर मोठं टर्मिनलच आहे, दुकानांसकट. राहायला छान असेल, तासाभरासाठी काही नाही. त्या तासात आम्ही कॉफी घेतली आणि मावशीने तीन कॉफींचं बिल बघून पुढची दहा मिनिटं तोंड उघडलं नाही. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि आम्ही बसमध्ये चढतोय तोवर गोंडोला वाऱ्यामुळे थांबवल्याचं गाइडने सांगितलं, म्हणजे दुपारी वर जाणारी ट्रिप घेतली असती तर अर्धी हुकलीच असती. ट्रिप निवडताना डोंगर दुपारी दोनच्या आधी उरकतोय ना ते नक्की बघा.

परतताना ब्रुनिगवर ट्रॅफिक आणि पाऊस, झ्युरिकला पोचायला सांगितल्यापेक्षा तासभर उशीर. परतीचं काही बुकिंग, फ्लाइट वगैरे त्याच संध्याकाळी ठेवू नका. पैशाचं म्हणाल तर तिघींचं मिळून ट्रेनने गेलो असतो त्यापेक्षा थोडं जास्त पडलं, ट्रेनचं तिकीट अर्ध्या किमतीत देणारं हाफ फेअर कार्ड असतं तर फरक अजून वाढला असता, पण प्लॅटफॉर्मवरून धावणं वाचलं. गाइडला टिप सक्तीची नसते, आम्ही दिली. आणि सुटायच्या वेळेच्या वीस मिनिटं तरी आधी पोचून पुढच्या सीट पकडा, खिंडीच्या वळणांवर मागे बसलेल्या दोघातिघांना पिशव्या मागाव्या लागल्या, आम्ही पुढे आलेपाक चघळत बसलो होतो.