पीडीएफमधे बरोबर येतंय की!

आमच्या धंद्यात एक वाक्य दिवसातून दोनदा तरी तोंडातून जातंच, "माझ्याकडे पीडीएफमधे बरोबर येतंय." लेबल छापायचा प्रोग्राम मी लिहिला तोही असाच, खुर्चीत बसून, पीडीएफवर. 2015 ला विंडोज 10 सोबत प्रिंट टू पीडीएफ, म्हणजे कागदाऐवजी पीडीएफ फाइल काढणारा नावापुरता प्रिंटर, आयतंच मिळालं आणि मला टेबलावर खराखुरा प्रिंटर ठेवायची गरजच वाटेनाशी झाली. कागद अडकत नाही, शाई संपत नाही, आणि नव्या जावयाचं सासुरवाडीत जसं सगळे ऐकतात तसं हा नावापुरता प्रिंटर माझं ऐकतो, 50 बाय 25 मिमी म्हटलं की 50 बाय 25.

मग कोल्हापूरला एका मसाल्याच्या छोट्या कारखान्यात गेलो. तिथं थर्मल प्रिंटर, म्हणजे उष्णतेने ठिपके उमटवून छापणारा. पहिलं लेबल झकास. दुसरं 3 मिमी सरकलेलं, तिसरं 6, पाचव्याला तर एमआरपी एका लेबलवर आणि बारकोड भलतीकडेच. मी कोडमधे मार्जिन बदलतोय, परत छापतोय, परत बदलतोय. आणि गंमत म्हणजे दहावी प्रिंट पुन्हा जवळपास जागेवर यायची, जेमतेम 1 मिमीचा फरक, त्यामुळे "जमलं जमलं" असं मी दोनदा ओरडलो पण.

पॅकिंगवाल्या काकू बघत होत्या. म्हणाल्या, "सर, रोल नवीन घातलाय न्हवं? बटण दाबून धरा की." त्यांनीच फीडचं, म्हणजे कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरलं, लाइट लुकलुकला, प्रिंटरने तीनचार कोरी लेबलं ओकली आणि गप झाला. पुढची 20 लेबलं एका रेषेत!

नंतर कळलं ते असं, की रोलवर दोन लेबलांच्या मधे 3 मिमी मोकळी जागा असते, प्रिंटरमधला सेन्सर कागदातून उजेड किती आरपार येतो त्यावरून ती ओळखतो, मोकळ्या जागी नुसता मागचा पातळ कागद असल्याने उजेड जास्त येतो. हा प्रिंटर रोल सलग आहे असं धरून दरवेळी 25 मिमीच पुढे जात होता, खरं अंतर 28. म्हणजे बटण दाबून काकूंनी त्याला फक्त एवढंच दाखवलं की बाबा, हे लेबल आणि ही फट. माझ्या पीडीएफमधे फट नव्हतीच, पानामागून पान.

(एकदा ए4 वर 100 मिमीची रेघ छापून मोजली तर 96 भरली, म्हणून मी प्रिंटरला यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. कंपासपेटीतली पट्टी होती ती, शून्य टोकापासून 4 मिमी आत, आणि मी मोजत होतो टोकापासून. असो.)

तर बॅग आवरायला घेतली तेवढ्यात काकूंनी एक लेबल डोळ्याजवळ नेलं. "ह्ये काय ओ, कादा लसूण मसाला?"

मी लॅपटॉप उघडला, पीडीएफ 400 टक्क्यांवर नेऊन दाखवलं, बघा, अनुस्वार आहे. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, लेबलच पुढं केलं. खरंच नव्हता. 203 डीपीआय म्हणजे मिलीमीटरला 8 ठिपके, अक्षरं बारीक, शिरोरेघ आणि अनुस्वार यांच्यामधे एखादाच ठिपका मोकळा, आणि हीट कुणीतरी शेवटापर्यंत चढवून ठेवलेली, त्यात अनुस्वार फुगून शिरोरेघेला चिकटला. कोडमधे एक अक्षर न बदलता हीट चार घर खाली आणली, फाँट एक पॉइंट वाढवला, छापलं.

काकूंनी लेबल उजेडाकडे धरलं, मोठ्यांदा वाचलं, "कांदा. हां, आता आला," आणि ते तसंच समोरच्या पाकिटावर चिकटवून पुढचं पाकीट ओढलं.