खातं निल झालं

मार्च लागला की पतसंस्थेत मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा आवाज चढतो. 31 तारखेच्या आत थकबाकी खाली आणायची असते आणि ती आणायचं काम माझ्यासारख्यांचं. मी वसुली अधिकारी. नेवासा तालुक्यात अठरा वर्षं हेच करतोय. आधी सहकार कायद्याच्या कलम 101चा वसुली दाखला, मग मागणी नोटीस, मग जप्ती. माझी मोटारसायकल वस्तीवर शिरली की दोन-तीन दारं लागतात. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता त्या दारांकडे लक्षही जात नाही.

आम्ही ख्रिस्ती. आजी वडाळा मिशनची बायबलबाई होती. पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान सांगायची. तिचा नातू त्याच गावांत नोटिसा वाटतो, हा आमच्या घरातला जुना विनोद.

दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणतो. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली, सहाव्या अध्यायातली. तिच्यात एक ओळ आहे: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' वसुलीवाल्यानं हे म्हणायचं म्हणजे कमालच. पण खरं सांगतो, मला कधी काही वाटलं नाही. चाळीस वर्षं तोंडात असलेलं वाक्य कानाला ऐकू येत नाही. एकदा चर्चच्या पाळकसाहेबांना गमतीनं विचारलं, तर म्हणाले, "ते ऋण म्हणजे पाप हो." बरोबरच आहे, लूकनं त्याच्या शुभवर्तमानात तिथं पापच लिहिलंय. पण मत्तय जकातीच्या नाक्यावरचा माणूस. त्याला हिशेबाचाच शब्द सुचणार. मला तो जवळचा वाटतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं प्रकरण. कर्जदार पस्तिशीतला, पोल्ट्रीच्या शेडसाठी दीड लाख उचललेले. धंदा बुडाला, हा गाव सोडून गेला. रांजणगावच्या एमआयडीसीत कुठंतरी कामाला आहे, एवढंच कळलेलं. जामीनदार दोन. एक वारला. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, गळ्यात माळ, गावात सगळे मास्तर म्हणतात. कर्जदार त्यांच्या मित्राचा मुलगा. तो मित्रही आता नाही.

नातेवाइकासाठी सही केलेला जामीनदार कसा वागतो हे मला पाठ आहे. आधी "माझी सहीच नाही", मग "मला वाचायला येत नव्हतं", शेवटी शिव्या. बायबलातल्या नीतिसूत्रांतही जामीन राहू नकोस म्हणून पुन्हा पुन्हा बजावलंय. फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूणसुद्धा काढून नेतील, असं तिथं आहे. ती सूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाच्या काळातही आमचे लोक होते म्हणायचे.

पंचनाम्याचे कागद घेऊन मी आणि क्लार्क सकाळी दहाला पोचलो. मास्तर ओट्यावर बसलेले. दार उघडं.

"या साहेब. फार उशीर केलात."

मी नेहमीचं सुरू केलं. "मास्तर, कर्जदाराचा पत्ता असला तर द्या. आधी त्याच्यामागं लागतो, तुम्हाला कशाला त्रास."

"पत्ता नाही. आणि असता तरी काय? सही केली तेव्हाच गेले माझे पैसे. तुम्ही न्यायला सात वर्षं लावली."

व्याजात सवलत देऊन संचालक मंडळानं एकरकमी एक लाख नव्वद हजारांवर तडजोड मंजूर केली होती. नोटिशीसोबत ते पत्र त्यांना गेलेलं. मास्तरांनी आदल्या दिवशी बँकेतली ठेव मोडून पैसे आणून ठेवले होते. कंडक्टर लोक नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटीत धरतात ना, तशाच धरून त्यांनी मोजून दिल्या. मशीनशिवाय, एकदाच. एकही नोट चुकली नाही.

त्यांचा मुलगा दारात उभा राहून सगळं बघत होता. "पोराच्या फीला मागितले तेव्हा नव्हते," एवढंच म्हणाला आणि आत गेला. चहा आला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर चार शब्द जास्त बोललो असतो.

इथं एक सांगायला हवं. लोक म्हणतात, संस्थेनं सोडून द्यायचं. मला सोडता येत नाही. तो पैसा माझा नाही, संचालकांचाही नाही. कुणा विधवेची ठेव असते, कुणा निवृत्त शिक्षकाची. सोडलेलं कर्ज हवेत विरत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडतंच. कर्ज सुटलं म्हणजे ते दुसऱ्यानं भरलं, एवढंच. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात येशूला चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. तो शब्द मी शेकडो वेळा वाचला असेल. त्या ओट्यावर प्रथमच मला तो आमच्या फॉर्मवरच्या रकान्यासारखा दिसला: जामीनदाराची सही.

पावती घेताना मास्तर म्हणाले, "एक काम करा माझं. त्याला निरोप द्या. माझा फोन उचलत नाही. त्याला वाटतं मी पैसे मागणार. त्याची आई अंथरुणाला खिळलीय, तीन दिवाळ्या झाल्या तो आला नाही. खातं निल झालं म्हणावं, ये."

अठरा वर्षांत मी कुणाला चांगली बातमी द्यायला फोन केल्याचं आठवत नाही. बाहेर येऊन लावला. "पतसंस्थेतून बोलतोय" म्हणताच कट. क्लार्कच्या फोनवरून लावला.

"तुमचं खातं निल झालं. जामीनदारांनी भरलं. काही बाकी नाही."

थोडा वेळ नुसता कंपनीतल्या मशीनचा आवाज. मग तो म्हणाला, "साहेब, असं सांगूनच तुम्ही पत्ता काढता. मला माहितीय." आणि फोन बंद.

त्याचं काय चुकलं? मागच्याच वर्षी कुरिअरवाला बनून मी एकाला शोधून काढलं होतं. माझ्या तोंडून निघालेली चांगली बातमी कोण खरी मानणार?

संस्थेत आल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, तयार केला, सही-शिक्का घेतला, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर तासाभरानं: "शिक्का खरा आहे का?"

त्या रात्री झोप लागेना म्हणून मत्तयाचा अठरावा अध्याय काढला. निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे राजानं ज्याचं सगळं देणं सोडलं त्या चाकराची येशूनं सांगितलेली गोष्ट. धंद्याची खोड, मी पूर्वी कधीतरी त्याचा हिशेब मांडला होता. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तलंत म्हणजे साधारण 6,000 दिनार. त्या चाकराचं देणं 10,000 तलंत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. त्याच्या सोबत्याकडं त्याचं येणं 100 दिनार, त्याच हिशेबानं चार महिन्यांची मजुरी. एवढ्यासाठी त्यानं सोबत्याची नरडी धरली. उपदेशात आम्हाला नेहमी सांगतात, बघा किती कृतघ्न.

त्या रात्री मला वेगळं दिसलं. चाकरानं राजाकडं माफी मागितलीच नव्हती. मुदत मागितली होती: दम धरा, सगळं फेडतो. कर्जदार हेच म्हणतात, दोन लाख वर्षांचं देणं असलं तरी. राजानं सगळंच सोडलं, पण याच्या डोक्यात मुदतच राहिली असणार. त्याला वाटत होतं अजून फेडायचंय, म्हणून तो बाहेर पडल्या पडल्या वसुलीला लागला. खातं निल झाल्याचा त्याचा विश्वासच बसला नव्हता. हा अर्थ पाळकसाहेबांना पटणार नाही कदाचित. वसुलीवाल्याला पटतो.

आणि मी तरी काय करत होतो? उपासना चुकवायची नाही, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला वेळेवर, ईस्टरच्या आधीचे लेंतचे उपास, आजारी पडलो की एखादा नवस केल्यासारखी प्रार्थना. हप्ते भरत होतो. एखाद्या रविवारी दांडी झाली की थकबाकीदारासारखा पाळकसाहेबांना टाळत होतो. शुभवर्तमानातलं वर्तमान म्हणजे बातमी. वर्तमानपत्रातलं वर्तमान तेच. बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. आजी गावोगाव जाऊन 'असं वागा, तसं वागा' सांगत असेल अशीच माझी समजूत होती. तिला कदाचित एवढंच सांगायचं असेल की कुणीतरी भरलंय. किती दारं तिच्या तोंडावर लागली असतील आणि ती परत कशी जात असेल, हे तिला कधी विचारलं नाही.

आठवड्यानं मास्तरांच्या घरी वचनचिठ्ठी, म्हणजे कर्ज फेडीन असं कर्जदारानं लिहून दिलेला कागद, परत द्यायला गेलो. कर्ज फिटल्यावर ती आम्ही 'रद्द' शिक्का मारून देतो. मूळ कर्जदाराची, पण घेणार कोण? आपल्याविरुद्धचा कर्जाचा कागद वधस्तंभाला खिळला, असं बायबलात पौल कलस्सैकरांना लिहितो. मास्तरांनी तो कागद चार घड्या करून विठोबाच्या फोटोमागं खोचला. मुलगा अंगणात होता, माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन.

"साहेब, मी फाट्यावर उभा आहे. मास्तर घरी आहेत का?"

"आहेत."

"रागात आहेत?"

"त्यांचा थोरला रागात आहे," मी म्हणालो. "मास्तर ओट्यावर बसलेत. जा."