थोबाडीत, सहा महिने आणि आमदारकी

आज मडगावात वीज बिलाच्या रांगेत फुकटात राजकारण ऐकायला मिळालं. पुढचे काका कुणाला तरी ठासून सांगत होते, "वीज खात्याच्या इंजिनियरला थोबाडीत दिली म्हणून मिकी पाशेकोची आमदारकी गेली!"

मला राहवेना. म्हटलं, काका, आमदारकी नव्हे, मंत्रिपद गेलं. घटना २००६ची. सहा महिन्यांच्या शिक्षेवर सुप्रीम कोर्टाने २०१५ साली शिक्कामोर्तब केलं. लोकप्रतिनिधी कायद्यात बहुतेक गुन्ह्यांसाठी किमान दोन वर्षांची शिक्षा झाली तरच आमदारकी जाते. सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या निकालानंतर ती लगेच जाते, अपिलाची ढाल उरलेली नाही. पण शिक्षा सहा महिन्यांची, म्हणून गोव्यातल्या नुवे मतदारसंघाचा आमदार मिकी तुरुंगात जाऊनही आमदारच राहिला.

काकांना हे पटलं नाही. "म्हणजे मारायचं, पण बेताने?"

यावर काय बोलणार! मागची बाई म्हणाली, "मारामारी परवडली हो, पक्ष बदलणाऱ्यांना तर तेवढंही होत नाही." खरंच. २०१९मध्ये गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२मध्ये ११ पैकी ८. दोनतृतीयांश आमदार एकत्र गेले तर पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जात नाही, आणि हे गणित दोन्ही वेळा बरोब्बर जुळलं. (आमच्या शाळेत गणितात इतकं यश कुणालाच नव्हतं.) आणि २०२२च्या निवडणुकीआधी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रॉस), बेतीचा दर्गा, तिन्हीकडे काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या!

तेवढ्यात काकांचा नंबर आला. बिल बघून ते मिकीला पार विसरले.