पाऊण तासाची मिस्सा

‘साल्झबुर्गच्या मिस्सांमधला क्रेडो इतका घाईचा का?’ असं तुम्ही विचारता, आणि ओघानेच संगीतकाराच्या आळसावर घसरता. (मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनेच्या ठरलेल्या लॅटिन मजकुराचं संगीत, क्रेडो हा त्यातला श्रद्धा सांगणारा भाग, आणि साल्झबुर्ग हे आजच्या ऑस्ट्रियातलं, तेव्हा आर्चबिशपच्या सत्तेखालचं शहर.) आळस कसला, घड्याळ! तिथे चाकरीला असलेल्या मोत्झार्टने ४ सप्टेंबर १७७६ च्या पत्रात इटलीतले संगीतगुरू पाद्रे मार्तिनींना गाऱ्हाणंच कळवलं: पहिल्या भागापासून, म्हणजे कीरियेपासून, शेवटच्या आग्नुस देईपर्यंत, मधला वाद्यांवरचा सोनाटा धरून, सगळं फार तर पाऊण तासात. तेही खुद्द आर्चबिशप कोलोरेदो वेदीवर असताना. वर ट्रंपेट आणि टिंपनी (नगारे) हवेतच.

क्रेडोचा मजकूर लांबलचक. मग लहान मिस्सांमध्ये एक जुनी युक्ती चालायची: सगळ्यात उंच आवाज, सोप्रानो, एक ओळ गातेय तोवर त्याखालच्या आल्टोने पुढची घ्यायची, आणखी खालच्या टेनॉरने त्याच्या पुढची. वेळ वाचतो, पण शब्दांचा काला होतो. ऐकणाऱ्याला एकही ओळ धड कळत नाही. म्हणून मुरलेला संगीतकार क्रेडोतल्या ‘एत इन्कार्नातुस’ला (देव माणूस झाला, या ओळीला) सगळ्यांना एकत्र आणतो, लय उतरवतो, तेवढे शब्द सुटे ऐकवतो आणि पुन्हा पळतो. काटकसर कुठे करायची नाही, हे कळण्यातच खरी कारागिरी.

वाद्यमेळही तिथलाच. व्हायोला (व्हायोलिनहून खालच्या सुराचं वाद्य) बहुधा नाहीतच. दोन व्हायोलिन, खाली बास वाद्यं आणि ऑर्गन. आल्टो, टेनॉर, बास या आवाजांबरोबर त्यांच्याच ओळी वाजवणारे तीन ट्रॉम्बोन. कॅथेड्रलच्या घुमटाखाली आवाज घुमतो, मधले आवाज विरतात. ट्रॉम्बोन त्यांना धरून ठेवतात.

आर्चबिशपच्या या चाकरीचं खरं माप मात्र संगीतकार मिखाएल हायडन. प्रसिद्ध योसेफ हायडनचा धाकटा भाऊ, एवढीच ओळख उरावी हा अन्यायच. १७६३ पासून १८०६ मध्ये मरेपर्यंत साल्झबुर्गमध्ये. कोलोरेदोच्या आधीचे आर्चबिशप श्राटनबाख १६ डिसेंबर १७७१ ला वारले. मिखाएलचं सी मायनरमधलं रेक्वियम (मृतांसाठीची मिस्सा) ३१ डिसेंबरला पुरं. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याची तान्ही मुलगी गेली होती. पंधरवड्यात एवढं काम उतरलं ते हुकुमामुळे की दुःखामुळे, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

१७८३ मध्ये कोलोरेदोने सोनाट्याच्या जागी ग्राद्युआल, म्हणजे बायबलच्या वाचनांमध्ये गायचं गीत, मागितलं. सोनाटा कुठल्याही रविवारी पुन्हा वाजवता येतो. ग्राद्युआलचे शब्द त्या-त्या दिवसाला बांधलेले, नाताळचं ग्राद्युआल ईस्टरला चालत नाही. म्हणून प्रत्येक सणाला नवं. हायडनने अशी शंभरावर लिहिली.