भिंतीला पोट आलं तेव्हा

"सर, ओसरीच्या भिंतीला पोट आलंय."

औशाहून गुरुजींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. लातुरात रात्रभर पाऊस लागून राहिला होता. किती आलंय, असं विचारल्यावर म्हणाले, "ओळंबा लावला होता. परवा दोन बोटं होतं, आज चार भरायलेत." मी चहा तसाच ठेवून गाडी काढली.

गुरुजींचा वाडा संरक्षित यादीतला. एक दगड हलवायचा तरी आधी कागद हलवावे लागतात. गणेशपट्टीखालच्या दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की दोन्ही बाजूंना बसायची ढेळज, पुढं चौक आणि चारी अंगांनी ओसरीसारखे सोपे. सागवानी खांब तळखड्यांवर, म्हणजे पायाच्या घडीव दगडांवर उभे आहेत. खांबाच्या डोक्यावर कोरीव लाकडी आधार, म्हणजे हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर किलचणांच्या आडव्या पट्ट्या, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून माळवदाला जुन्या गढ्यांची पांढरीच लागते. दर उन्हाळ्यात गवत उपटून नवा थर द्यायचा. पण जुना थर कोणी काढत नाही, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या माळवद जाड होत जातं. इथं ते दीड फूट होतं. म्हणजे एका चौरस मीटरवर पाऊण टन ओझं, आणि भिजल्यावर त्याहून जास्त.

मी पोहोचलो तेव्हा गल्ली जमली होती. शेजारच्यांचं म्हणणं एकच, पाडून टाका, उद्या कोणाच्या अंगावर आली तर? त्यांचंही चूक नव्हतं.

मिस्त्रीमामा मात्र भिंतीकडं न बघता वर तुळईकडं बघत होते. "भितीचं काय घिऊन बसलाव साहेब? माळवद भितीवर न्हाई, खांबावर हाय. भित निस्ती आडोशाला."

हे मला पाठ होतं. 'खणाचं घर' म्हणतात ते हेच. भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आणि भोवती अडीच फुटी दगडमातीची भिंत. ती भिंतही एकसंध नसते. बाहेरचं एक तोंड, आतलं एक तोंड, मधे गोटे नि चिखल. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर ती वेगवेगळी व्हायला वेळ लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला जे झालं, त्यात अशाच भिंतींखाली माणसं गाडली गेली. आणि कित्येक ठिकाणी भिंती जाऊन लाकडी सांगाडे तसेच उभे राहिले होते. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली.

गुरुजींच्या आई ढेळजेत बसून होत्या. म्हणाल्या, "लेकरा, त्या राती गणपती बोळवून आलो, पाठ टेकली न टेकली तोच सगळं हललं. मागची भित गेली. पण माळवदाचं ढेकूळबी खाली आलं नाही."

मी गल्ली मोकळी करायला सांगितली आणि मामांनी पोटाच्या वरच्या अंगाला पहार लावली. दोन दगड काढले असतील नसतील, आतून 'खर्रर्र' असा आवाज आला. मामा उडी मारून मागं सरले आणि आठ-दहा फूट लांबीचं बाहेरचं तोंड एकदम चौथऱ्यावर बसलं. धूळ उडालीच नाही. आतला सगळा चिखल ओला होता, लोण्यासारखा.

मग आतला खांब दिसला. भिंतीच्या पोटात बुजलेला, तुळईखालचा. वरून ठणठणीत. पण खाली हातभर लाकूड भुसा होऊन गेलं होतं. तळखडा एकीकडं, खांब अधांतरी, आणि त्याला इतके दिवस धरून होती ती हीच भिंत. म्हणजे मामांचं आणि माझं शास्त्र या एका खांबापुरतं उलटं झालं होतं.

पुढचा तासभर कोणी फार बोललं नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना ओंडक्यांचे टेकू, खाली जॅक, आणि जॅक फिरवायचा तो सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या हिशेबानं. एक सूत वर, मग थांबायचं, किलचणांचा आवाज ऐकायचा. तिसऱ्या सुताला तुळई करकरली. मामांनी नुसता हात वर केला. दहा मिनिटं सगळे तसेच. अकराच्या सुमारास भार टेकूंवर आला आणि खांबाला धक्का दिला तर तो झोपाळ्यासारखा हलला.

खाली पडलेले दगड बाजूला करताना एकेका दगडाच्या कडेला करड्या रंगाच्या कडक पट्ट्या निघत होत्या. सिमेंटच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत भरलेलं सिमेंट. माळवदाच्या कडेनं भिंतीत उतरणारं पाणी पूर्वी मातीच्या सांध्यांतून उन्हाळ्यात सुकून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली. पाणी आत कोंडलं, चिखल फुगला, खांबाचा पाय कुजला.

त्या दर्जा भरायला 2014 साली मीच सांगितलं होतं. "भिंत पक्की होईल गुरुजी," असंही म्हणालो होतो. तेव्हा मामांनी चुना सुचवला होता. चुना मळायची घाणी कोण लावणार, वेळ कुठं आहे, असं म्हणून मी उडवून लावलं होतं. ते सगळं मामांना आठवत असणार. एक पट्टी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितली आणि ढिगावर टाकली.

दुपारी ओसरीवर बसून अहवाल लिहिला. कुजका भाग कापून जुन्या सागाचं कलम, भिंत पुन्हा त्याच दगडात, पण आरपार बंधांसह, सांधे चुन्यात, माळवदावरचे जादा थर उतरवणे. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'पूर्वी केलेली सिमेंटची दर्जाभरणी'.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "कर्ता राहिलाय."

मी पेन परत मागून घेतलं.